नव्या प्लॅनमध्ये बालवाडीची खोली कुठे आहे? सोसायटीच्या कमिटीला आणि सगळ्या सभासदांना खुलं पत्र

चेअरमन काका, सेक्रेटरी दादा, कमिटीतले सगळे आणि ए, बी, सी तिन्ही विंगचे सभासद,

सगळ्यांना नमस्कार.

गेल्या रविवारी कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली, आर्किटेक्टनी पडद्यावर रिडेव्हलपमेंटमधल्या नव्या बिल्डिंगचा प्लॅन दाखवला, २२ मजले, दोन लेव्हलचं पार्किंग, तीन लिफ्ट, बघून आनंदच झाला, आमच्या बाथरूमचं लीकेज मीही इतकी वर्षं सोसतेच आहे. मग तळमजला आला. लॉबी, मीटर रूम, पॅनल रूम, वॉचमनची केबिन, सोसायटी ऑफिस, फिटनेस सेंटर. मी दोनदा बघितलं, मग उठून पडद्याजवळ जाऊन बघितलं. बी विंगखाली मी एकोणीस वर्षं चालवतेय त्या बालवाडीची खोली नव्हती. आर्किटेक्टना विचारलं तर ते म्हणाले मॅडम, सोसायटीने जी रिक्वायरमेंटची लिस्ट दिली तिच्यात ती नाहीये. नंतर जिन्यात कमिटीतल्या तिघाचौघांशी बोलले, कोणाचाच विरोध नव्हता, एक काका तर म्हणाले, अगं ते राहूनच गेलं.

म्हणून हे पत्र लिहितेय. राहून गेलं असेल तर आत्ता घालता येईल, अजून प्लॅन महापालिकेत सबमिट झालेला नाही, आयओडी म्हणजे बांधकामाची पहिली परवानगी आली की मग प्रत्येक भिंत हलवायला परत सगळं पहिल्यापासून. माझं मागणं एकच आहे, नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर साडेचारशे फुटांची एक खोली, आत्ता आहे तेवढीच. ती का मागतेय ते नीट सांगते, कारण आपल्यात निम्मे लोक आता नवीन आहेत, काही भाडेकरू आहेत, त्यांना ही बालवाडी म्हणजे बी विंगखाली सकाळी चपलांची रांग दिसते ती, एवढंच माहिती आहे.

२००५ मध्ये माझा मुलगा तीन वर्षांचा होता. जवळच्याच एका नर्सरीत घातला, सगळे घालतात म्हणून. दुसऱ्या आठवड्यात चार रेघी वही घरी आली, रोज एक पान एबीसीडी. त्याला पेन्सिल धरता येत नव्हती, बोटांत तेवढी ताकदच नसते हो त्या वयात, तो मुठीत पेन्सिल धरून दाबायचा आणि कागद फाटला की रडायचा. गणपती होईस्तोवर अशी वेळ आली की शाळेचं गेट दिसलं की त्याची चड्डी ओली व्हायची. तिथल्या बाईंना दोष देत नाही, एका वर्गात पंचेचाळीस मुलं आणि त्या एकट्या. पण मी त्याला काढला आणि घरी बसवला आणि सासूबाईंनी त्याला वाटाणे सोलायला बसवलं. पातेलंभर वाटाणे. पाऊण तास तो हलला नाही. घरात मी इतके दिवस बघत होते की हा मुलगा एका जागी दोन मिनिटं बसत नाही, आणि इथे जीभ बाहेर काढून एकेक दाणा काढतोय. ते मला कळेना. कोणीतरी सांगितलं दादरला माँटेसरीचा, म्हणजे लहान मुलांना हाताने काम करू देऊन शिकवायच्या पद्धतीचा, कोर्स असतो, तिथे जाऊन बघ.

मग वर्षभर सकाळची लोकल, मुलुंड ते दादर. माँटेसरीचा कोर्स केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, आल्बम म्हटलं की तिचा हात आपोआप मनगटावर जाईल. प्रत्येक साधनाची माहिती, ते मुलाला कसं दाखवायचं, कुठल्या हाताने उचलायचं, किती हळू, हे सगळं हाताने लिहून, चित्र काढून वह्या तयार करायच्या. कपात पाणी कसं ओतायचं याचं एक पूर्ण पान होतं. आधी वाटलं हे काय, मग मुलांसमोर बसल्यावर कळलं की आपण मोठी माणसं इतक्या पटापट हात चालवतो की मुलाला त्यातलं काही दिसतच नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये सोसायटीची स्पेशल मीटिंग झाली. बी विंगखालची खोली तेव्हा गोडाऊन होती, गणपतीच्या मांडवाचे बांबू, पंपाचे जुने पार्ट, मोडका कॅरम बोर्ड. माझे सासरे पहिल्या सभासदांपैकी, तरी त्या मीटिंगमध्ये दोन तास चर्चा झाली. आवाज होईल, बाहेरच्या रिक्षा येतील, पाणी जाईल, आज बालवाडी उद्या क्लास परवा दुकान. तेव्हाच्या सेक्रेटरी काकांनी शेवटी एक वर्षाची ट्रायल दिली, महिना पंधराशे भाडं, लाइटचं मीटर वेगळं, येणंजाणं मागच्या गल्लीच्या गेटने, रिक्षा आत आणायची नाही. ते काका आता नाहीत. ट्रायलचं ते पत्र मी जपून ठेवलंय.

जूनमध्ये सात मुलांनी सुरुवात झाली. त्यात एक माझाच.

साधनं विकत घ्यायची तर सेट फार महाग होता, म्हणून निम्मी बनवून घेतली. गुलाबी मनोरा म्हणजे पिंक टॉवर आपल्या स्टेशनजवळच्या एका सुतारकाकांनी बनवला. एकावर एक रचायचे दहा ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, प्रत्येक ठोकळा आधीच्यापेक्षा बरोब्बर एक सेंटिमीटर मोठा. काका म्हणाले इकडेतिकडे एखादी सूत झाली तर पोरांना काय कळणार. पहिल्या सेटमध्ये दोन ठोकळे जवळजवळ एकाच मापाचे झाले होते, आणि सव्वातीन वर्षांच्या मुलीने ते दोन बाजूला काढले, मला आणून दिले आणि म्हणाली हे भांडतायत. सुतारकाका स्वतः येऊन बघून गेले आणि पूर्ण सेट नव्याने बनवून दिला, पैसे न घेता. त्या साधनाची सगळी गंमत मापातच आहे, चूक झाली तर ताईने सांगायचं नसतं, मनोराच सांगतो. चिमुकला एक सेंटिमीटरचा ठोकळा पहिल्याच वर्षी हरवला, सगळी मुलं चटयांखाली शोधत होती, दोन दिवसांनी मावशींना केरसुणीत सापडला. मावशींनी तो वाटीत ठेवून, वर झाकण ठेवून आणला होता. आजही तोच वापरतोय.

आता थोडं जुनं सांगते, कारण ते आपल्याच गोष्टीसारखं आहे आणि मला वाटतं कमिटीने हे नक्की वाचावं. माँटेसरी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं मोठी फी, एसी, गेटवर कार्टून काढलेली इंग्लिश नर्सरी. कोणीही पाटीवर माँटेसरी लिहू शकतं, त्या नावावर कोणाचा कंट्रोल नाही, म्हणून तसं झालंय. पण पहिली माँटेसरी शाळा कुठे निघाली? रोममध्ये सॅन लोरेन्झो नावाची गरीब कामगारांची वस्ती होती, तिथल्या पडक्या बिल्डिंगा एका संस्थेने घेतल्या, दुरुस्त केल्या, कुटुंबं राहायला आली. म्हणजे एका अर्थाने रिडेव्हलपमेंटच. आईबाप दोघं कामाला जायचे, मोठी मुलं शाळेत, आणि तीन ते सहा वर्षांची पोरं दिवसभर जिन्यात, नव्या भिंती खरवडतायत, घाण करतायत. बिल्डिंगवाल्यांना दुरुस्तीचा खर्च परवडेना. मग त्यांनी विचार केला की भिंतीवर परत परत पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशात बिल्डिंगमध्येच एक खोली या पोरांना द्यावी आणि कोणीतरी सांभाळावं. त्यासाठी त्यांनी डॉक्टर मारिया माँटेसरींना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ ला ती खोली उघडली, साधारण पन्नास मुलं. नाव ठेवलं मुलांचं घर.

बिल्डिंगच्या मॅनेजमेंटने दिलेली खोली होती ती, सरकारने नाही आणि कुठल्या ट्रस्टनेही नाही. तिथले नियम वाचले तर थक्क व्हायला होतं. मुलांची ताई त्याच बिल्डिंगमध्ये राहिली पाहिजे. आईला कधीही आत येऊन बघता आलं पाहिजे. आईबापांनी मूल आंघोळ घालून स्वच्छ कपड्यात पाठवायचं. आणि ही शाळा बिल्डिंगमधल्या सगळ्यांची सामायिक मालमत्ता आहे असं डॉक्टर बाईंनी स्वतः म्हटलंय. मी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, आमच्या खिडकीतून बालवाडीचं दार दिसतं. म्हणजे आपण एकोणीस वर्षं जे करतोय ते त्या पहिल्या खोलीच्या इतकं जवळ आहे, हे मलाही कोर्स करताना नीट कळलं नव्हतं.

आणि हे काही बाहेरून आणून चिकटवलेलं नाही. गिजुभाई बधेकांनी वकिली सोडून १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम करायला मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक गेल्या आणि परत येऊन त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. स्वतः माँटेसरी बाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या, महायुद्धामुळे अडकल्या, त्या १९४६ पर्यंत इथेच होत्या, शेकडो शिक्षकांना त्यांनी शिकवलं. तोपर्यंत ताराबाई शहरातली जमलेली शाळा सोडून १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या होत्या, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. महागडी साधनं नाहीत तर बिया, शंख, पानं, दगड. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. गुरं राखणारी पोरं गुरं सोडून येऊ शकत नाहीत तर कुरणातच शाळा. मी कोसबाडला जाऊन आलेय, डहाणूच्या पुढे, आणि परत येताना गाडीत माझ्या डोक्यात एकच होतं की मुलाच्या घरापासून शाळा किती पावलांवर आहे हा मोठा प्रश्न आहे, त्या बायकांनी आयुष्य त्यावर घातलं.

आपल्याकडे ती पावलं मोजायची तर सी विंगच्या जिन्यापासून बालवाडीपर्यंत साठ आहेत. मुलांनीच मोजलीत.

आता मधल्या वर्षांचं. सगळं गोडगोड नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाच मुलं काढून घेतली कारण मी लिहायला शिकवत नव्हते, पुढच्या शाळेच्या इंटरव्ह्यूत एबीसीडी विचारतात. मला भीती वाटली की बंद पडेल. म्हणून २००९ मध्ये मीसुद्धा होमवर्क सुरू केला, रोज एक पान. मुलं साधनं सोडून पानाबद्दल विचारायला लागली, ताई आज किती पानं, एक मुलगा पाणी ओतायच्या कामाकडे फिरकेना, म्हणाला त्याला मार्क नाहीत. ज्या गोष्टीमुळे माझं मूल रडत होतं तीच मी दुसऱ्यांच्या मुलांना देत होते. वर्ष संपायच्या आत बंद केला आणि पालकांची मीटिंग घेऊन सांगितलं की माझं चुकलं. त्यानंतर चार मुलं गेली आणि सहा आली.

लिहायला मुलं शिकतात, फक्त वाट वेगळी आहे. खरखरीत अक्षरं असतात, सँडपेपरची, पाटीवर चिकटवलेली, दोन बोटांनी मूल ती गिरवतं आणि तोंडाने आवाज म्हणतं. इंग्लिशमध्ये आधी हे समजवावं लागतं की अक्षराचं नाव बी आणि आवाज ब. आपल्या मराठीत नाव आणि आवाज एकच, हा केवढा फायदा आहे आणि आपण तो वापरतच नाही. अडतं ते वेलांटीशी. मुलाला ऐकू येतं क आणि मग इ, पण पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी. साडेचार वर्षांची एक मुलगी सुट्या अक्षरांनी ‘किती’ हा शब्द जुळवत होती आणि वेलांटी उजवीकडे ठेवत होती, मी परत करून दाखवलं तर म्हणाली पण ताई तो आवाज नंतर येतो ना. बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, लिहिणाऱ्यांनी तसं ठरवलंय. दोन दिवस ती रागावून होती.

आकड्यांचंही तसंच. एकोणतीस हा शब्द ऐकून मुलाने २९ कसं लिहायचं? त्यात तीस ऐकू येतं, वीस कुठेच नाही. सोनेरी मणी असतात, एक सुटा, दहाची काडी, शंभरचा चौकोन, हजारचा ठोकळा. मूल दोन काड्या आणि नऊ सुटे मणी मांडतं, बघत बसतं, आणि एक दिवस स्वतःच म्हणतं, अजून एक आला की तीस होणार. तो क्षण बघायला मिळतो म्हणून मी हे काम करते, दुसरं काही कारण नाही. हजारचा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून खोलीभर चालत जाणाऱ्या मुलाचा चेहरा तुम्ही बघितला पाहिजे, हजार म्हणजे काय ते त्याच्या हातांना कळलेलं असतं.

सोसायटीच्या तक्रारी आल्या त्याही खऱ्या होत्या, आणि त्या आम्ही सोडवल्या. आवाज मुलांचा नव्हता, सुटायच्या वेळी गल्लीत उभ्या राहणाऱ्या पालकांचा होता. म्हणून मुलं दोन गटांत, पंधरा मिनिटांच्या फरकाने सोडायला लागलो. पाणीकपातीच्या वर्षी ए विंगमधून तक्रार आली की मुलं पाणी खेळतायत आणि आमच्याकडे नळाला थेंब नाही. ते ऐकून मला वाईट वाटलं पण त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून दिवसाला एकच बादली, ओतायचा सराव तांदूळ आणि मसूर डाळीवर, पाणी शेवटी, आणि वापरलेलं पाणी तुळशीला आणि मागच्या जास्वंदीला. बादली कोण भरणार यावर मुलांची पाळी असते, ती चुकली तर भांडण होतं.

मुलं वाढली. २००६ मध्ये सात, आज दोन बॅचमध्ये मिळून चौतीस. अडीच ते सहा वर्षांची सगळी एकत्र, कारण लहान मूल मोठ्या मुलाकडे बघून जितकं शिकतं तितकं माझ्याकडे बघून शिकत नाही. निम्मी आपल्या आणि शेजारच्या सोसायट्यांमधली, निम्मी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. फी सगळ्यांना सारखी नाही, कोण किती देतं हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मराठी, गुजराती, तमिळ, हिंदी घरात बोलणारी मुलं आहेत, बालवाडी मराठीत चालते आणि दिवाळीपर्यंत सगळी मराठीत भांडतात. आजवर सव्वादोनशेच्या वर मुलं या खोलीतून गेली.

२००८ मध्ये झाडूपोछा करायला एक मुलगी यायला लागली, दहावी झालेली. साफसफाई झाली की दाराशी थांबून बघत राहायची. महिनाभराने मी बघितलं की ती डस्टर धुवून ज्या पद्धतीने घडी घालते ती पद्धत माझ्या आल्बममध्ये आहे तशीच आहे. बघून बघून शिकली होती. तिने बारावी केली, मग कोर्स केला, तिचे आल्बम माझ्यापेक्षा सुंदर आहेत. आज दुपारची बॅच तीच चालवते आणि तिसऱ्या ताईला तिनेच तयार केलंय.

शाखा काढा म्हणून दोन वेळा लोक आले, एकदा फ्रँचायझीसाठी. पैसे चांगले होते. मी नाही म्हटलं कारण खोली वाढवता येते पण मुलाला ओळखणारी ताई तेवढ्या वेगाने तयार होत नाही. चौतीसच्या वर मला जायचंच नाही, म्हणून तर मोठी जागा मागत नाहीये.

मार्च २०२० ला कुलूप लागलं ते जवळजवळ दोन वर्षं. तीन वर्षांच्या मुलाला मोबाइलच्या स्क्रीनवर माँटेसरी शिकवता येत नाही, मी प्रयत्नही केला नाही. आम्ही कापडी पिशव्या भरल्या, राजमा, छोले, चमचा, दोन वाट्या, बटणं, सुईदोरा, आणि काय करायचं त्याची चिठ्ठी, आणि घरोघरी वॉचमनकडे ठेवल्या. वस्तीतल्या घरांत दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं दिवसभर, तिथून एका आईचा निरोप आला की ताई, पिशवी आली की तासभर तरी घर शांत असतं. त्या दोन वर्षांचं भाडं सोसायटीने घेतलं नाही. त्याबद्दल तेव्हाच्या कमिटीचे मी आजही आभार मानते, ते नसतं तर बालवाडी तिथेच संपली असती. म्हणूनच आताचं राहून गेलं हे मला इतकं लागलं.

आता प्लॅनबद्दल. एक काका मीटिंगनंतर म्हणाले की तुझं सगळं बरोबर आहे पण साडेचारशे फूट म्हणजे शेवटी सभासदांच्याच वाट्यातून जाणार. ठीक आहे, धरून चालू की अगदी तसंच झालं, बिल्डरने एक फूटही जास्त दिला नाही. आपण चौसष्ट सभासद. साडेचारशेला चौसष्टने भागा. प्रत्येकी सात चौरस फूट येतात. आमच्याकडे प्रत्येक मुलाची कामाची चटई असते, साडेतीन बाय दोन फूट. ती सात चौरस फूटच भरते. मूल ती स्वतः उलगडतं, काम संपलं की गुंडाळून जागेवर ठेवतं, आणि दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. मी सभासदांकडे प्रत्येकी एक चटई मागतेय.

एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, ती खोली कशी बसवायची हे आर्किटेक्ट आणि पीएमसीने, म्हणजे आपल्या प्रोजेक्ट सल्लागारांनी, बघावं, मी त्यातली नाही. पण इतकं मला माहिती आहे की मुंबईत एसआरएच्या म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या बिल्डिंगमध्ये बालवाडीसाठी जागा ठेवावीच लागते, नियमच आहे तसा. म्हणजे नाल्यापलीकडची वस्ती उद्या एसआरएत गेली तर त्यांच्या प्लॅनमध्ये बालवाडी असेल आणि आपल्या प्लॅनमध्ये, जिथे एकोणीस वर्षं ती चालू आहे, तिथे नसेल. पहिल्या सात मुलांमधली एक मुलगी आता आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने तुमचाच प्लॅन घेऊन तळमजल्याचं एक ड्रॉइंग काढलंय, सोसायटी ऑफिस लॉबीच्या बाजूला सरकवलं तर फिटनेस सेंटरला हात न लावता मागच्या गल्लीकडे खोली निघते, खिडकी पूर्वेला. ते ड्रॉइंग पत्राबरोबर जोडलंय. आर्किटेक्टना ते चुकीचं वाटलं तर त्यांनी दुसरं सुचवावं, आम्ही हट्ट धरणार नाही.

आमच्या अटी फार नाहीत. खोली तळमजल्यावरच हवी, वरच्या पोडियमवर नको, कारण अडीच वर्षांचं मूल लिफ्टने येणार म्हणजे कोणीतरी कडेवर घेऊन येणार, आणि आमच्याकडे मूल स्वतःच्या पायांनी येतं. २२ मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये आताचं कंपाउंड राहणार नाही, जिने कोणी चढणार नाही, मुलांना मोकळं चालायला तेवढीच साठ पावलं उरतील. लहान उंचीचं एक टॉयलेट, एक हात धुवायचं बेसिन गुडघ्याच्या उंचीवर, आणि एक दार थेट गल्लीत. बस. खोलीची मालकी सोसायटीचीच राहील, भाडं जनरल बॉडी ठरवेल ते, लिहून घ्या, रजिस्टर करा. उद्या मी नसले, बालवाडी बंद झाली, तर खोली सोसायटीची आहे, वाचनालय करा, ज्येष्ठांना बसायला द्या.

बांधकामाची तीन वर्षं आम्ही आमचं बघू, शेजारच्या गल्लीत एक गाळा भाड्याने बघून ठेवलाय, त्याचा खर्च सोसायटीवर नाही. पण आमचे पालक आत्तापासून विचारतायत की ताई परत येणार ना. त्यांना काय सांगू हे मला पुढच्या एसजीएमच्या म्हणजे स्पेशल मीटिंगच्या आधी कळायला हवं. म्हणून अजेंड्यावर हा एक विषय घ्यावा ही विनंती, शेवटचा घेतलात तरी चालेल, मी थांबेन.

आणि त्याआधी एकदा येऊन बघा. खास करून जे सभासद कधीच आत आले नाहीत त्यांनी. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊला, तेव्हा मुलं कामात बुडालेली असतात. चपला बाहेर काढाव्या लागतील. दाराजवळ मोठ्या माणसांच्या दोनच खुर्च्या आहेत म्हणून एका वेळी दोघांनी यावं, वीस मिनिटं बसावं, मुलांशी आपणहून बोलू नये, ती बोलली तर उत्तर द्यावं. एखादं मूल तुम्हाला काकडीचे काप आणून देईल, त्याने स्वतः कापलेले असतात, ते घ्या.

आपली,
बी विंग, तिसरा मजला
बालवाडीची ताई